पडद्याआडचे डॉक्टर

आई, त्या खोलीत कोणी नव्हतं. हे आपल्या दोघींनाच माहीत होतं, आणि तू गेल्यापासून मला एकटीला.

डॉक्टर लांज्याहून फक्त गुरुवारी यायचे. बाकीचे दिवस दवाखाना तू एकटी चालवायचीस. शाळा सुटली आहे, मी त्यांच्या खुर्चीत बसून पाढे लिहिते आहे. तू पडदा सारून आत येतेस, मोठ्यानं विचारतेस, "डॉक्टर, इंजेक्शन देऊ ना?" माझ्याकडे बघत तोंडावर बोट ठेवतेस, घोटभर पाणी पितेस आणि बाहेर जाऊन सांगतेस, "डॉक्टर हो म्हणाले." एकदा तू बांगडे साफ करत असताना मी विचारलं, खोटं का बोलतेस. "नर्सच्या शब्दावर कोण दंड पुढे करील? माणसं बरी करू, की मोठी होत बसू?" तेव्हा मला ते थोर वाटलं. आता संताप येतो.

आता तिथे तुझ्या जागी एक मुलगी आहे. तुझ्यापेक्षा बरंच जास्त शिकून आलेली. आंब्याच्या बागेतल्या गड्याला फुरसं चावलं, डॉक्टरांचा फोन लागेना, तेव्हा तिनं विषावरचं इंजेक्शन दिलं आणि त्याच्याबरोबर गाडीत बसून रत्नागिरी गाठली. गडी जगला. तरी ग्रामसभेत तिलाच उभं केलं. मुंबईहून आलेला एकजण म्हणाला, "पण ताई, तुम्ही विचारलं कोणाला?"

"विषाला थांब म्हणायचं राहिलं," ती म्हणाली. कोणी हसलं नाही. तुझ्या हातून बाळंतपणं झालेली एक म्हातारी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिच्या आवशीनं जलम काढलान हितं. डाक्टरला इचारल्याबिगर सुई उचललान नाय."

मी उठले. सगळं सांगितलं. तू विचारायचीस ते खुर्चीतल्या मला, हेही.

"गप गो बाय. मी सोता आयकलंय. जाड आवाज व्हता त्याचा."

डॉक्टर नसताना तिनं कोणाला सुई लावू नये, असा ठराव झाला. तू मोठी झाली नाहीस, तो तुझा प्रश्न. पण तुझ्यामागून येणारीला तू लहान करून ठेवलंस. चुकली असतीस, तर तेही त्या नसलेल्या माणसाच्या माथी मारणार होतीस का? तो कधी चुकला नाही, दमला नाही, रजेवर गेला नाही. त्याच्यापुढे कोणती जिवंत बाई टिकेल?

हे पाठवायला पत्ता नाही. पण एक लिहून ठेवते. माझं कोणी खरं मानलं नाही, तेव्हा तुझं नाव शाबूत राहिलं म्हणून मला हायसं वाटलं. ती मुलगी त्या वेळी माझ्याकडेच बघत होती.