माझ्या वडिलांना त्या हातातून सोडवून मिळणेबाबत

प्रति,
मा. नगर व्यवस्थापक,
नगरपालिका कार्यालय,
कॅल्डर्स फेरी.

विषय : नगरपालिकेच्या गोदामात ठेवलेल्या जोडपुतळ्यातून माझे वडील दिवंगत एझरा प्रुइट यांना वेगळे करून देणेबाबत.

संदर्भ : पुतळा हटविण्याचा नगरसभेचा ठराव, तसेच माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

मी खाली सही करणारी विल्हेल्मिना प्रुइट, निवृत्त परिचारिका, राहणार मलबेरी रस्ता, आपल्या नजरेस आणून देऊ इच्छिते की, कोर्टासमोरच्या चौकातून आपण जो पुतळा हलविला त्यात माणसे दोन आहेत. ठरावात नाव एकाचेच आहे.

१) एक म्हणजे दिवंगत नगराध्यक्ष हॉलिस रेनफ्रो. दुसरे माझे वडील, आम्हां काळ्यांच्या जुन्या शाळेचे मुख्याध्यापक. १९७० साली गोऱ्यांच्या शाळेत आमची मुले पहिल्यांदा घेतली गेली, त्या सकाळी मीही त्या मुलांत होते. त्या शाळेच्या पायऱ्यांखाली हातात दगड घेतलेली माणसे उभी होती. वडिलांनी हात पुढे केला, रेनफ्रोसाहेबांनी तो सर्वांदेखत धरला, आणि एकेकाने दगड खाली टाकला. त्या क्षणाचा फोटो निघाला. वडील वारल्यानंतर त्यावरूनच हा पुतळा ओतण्यात आला.

२) रेनफ्रोसाहेबांना घरच्या टेलिफोनवरचे बोलणे टेपवर उतरवून ठेवण्याची सवय होती. गेल्या वर्षी त्यांच्या नातीने त्या टेपा विद्यापीठाला दिल्या आणि रेडिओवर त्यांतली एक ऐकविण्यात आली. ती त्याच दिवशीच्या संध्याकाळची. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. आवाज मी लगेच ओळखला. वडिलांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये बोलताना हाच आवाज रडला होता. टेपमध्ये तो म्हणतो, "दोनदा साबण लावला रे, तरी वास जाईना. माकडाला टाय बांधला म्हणून काय झालं, पंजा तो पंजाच!" पलीकडचा माणूस हसतो. मग साहेब स्वतः हसतात, आणि ते हसणे बराच वेळ चालते.

मी बटण पिरगाळायला गेले तर पलीकडच्या खोलीतून आई ओरडली, "बंद करू नकोस. सगळं ऐकू दे." ऐकून झाल्यावर तिने मला रेडिओ बंद करायला सांगितले. मग म्हणाली, "त्या रात्री तुझे बाबा जेवताना काय म्हणाले सांगू? म्हणाले, लव्हेनिया, त्याचा हात ओलाचिंब होता गं, थरथरत होता. बिचारा घाबरला होता. म्हणून मी जरा घट्टच धरला."

महोदय, शिवी आमच्या अंगवळणी पडलेली आहे. माझी झोप उडाली आहे ती वडिलांना त्या माणसाची कीव आली होती म्हणून.

३) अंत्यविधीच्या दिवशी रेनफ्रोसाहेबांनी माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला होता व "पोरी, तुझा बाप माझा भाऊ होता," असे म्हटले होते. हल्ली तोंड धुताना मी मध्येच थांबते. त्या दिवशीही घरी जाऊन त्यांनी साबण मागितला असेल काय? मी विद्यापीठात जाऊन विचारून आले. त्या दिवसाची टेप नाही.

४) ही टेप ऐकविली गेल्यावर आलेल्या पुतळा हटविण्याच्या ठरावाला सभेत मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे नमूद करते. त्यानंतर आपल्या तोंडी परवानगीने गोदाम पाहिले. नाताळच्या माळा आणि मोडक्या बाकांच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली, दोघे एकमेकांचा हात धरून अंधारात उभे आहेत. चौकात निदान माणसांची ये-जा होती. येथे वडिलांना त्या माणसाबरोबर एकटे कोंडल्यासारखे झाले आहे. मी तसे बोलून दाखविल्यावर आपल्या कार्यालयातील लिपिक म्हणाले, "बाई, धातूला काय कळतंय?" धातूला काही कळत नसेल, तर चौक कशासाठी रिकामा केला, एवढे मला समजावून द्यावे.

५) मी ओतारी श्री. कोवाल्स्की यांना नेऊन पुतळा दाखविला. त्यांनी दोन्ही हातांवरून बोटे फिरवली व सांगितले, "हे एकाच ओतीत झालंय. बोटं सुटायची नाहीत. कापायचं तर तुमच्या वडिलांच्या मनगटाशी, नाहीतर त्याच्या."

यावर घरात भांडण झाले. माझे बंधू ॲमोस म्हणाले, "वितळवून टाका दोघांनाही. बाबांचा फोटो आहे घरी, पुरे." माझे मत वडिलांच्या मनगटाशी कापावे असे होते. त्या माणसाचे बोटसुद्धा मला वडिलांच्या अंगाला नको होते. त्यापरीस बिनहाताचे बाबा पत्करले. मी तसे म्हणताच आईने टेबलावर मूठ आपटली. "माझ्या नवऱ्याचा हात खरा होता. त्याला करवत लावाल तर याद राखा! त्या दुसऱ्याचा कापा."

मी म्हटले, "अगं आई, पण मग त्याचा पंजा बाबांच्या हातात कायमचा राहील."

"राहू दे की. लोक विचारतील, हा कुणाचा म्हणून. सांगायचं."

मी रात्रभर विचार केला. तिचे म्हणणे मला अजूनही सोसत नाही. परंतु सकाळी तिच्या संमतीचा कागद मीच लिहून तिच्यापुढे सहीला धरला.

६) तरी विनंती की, करवत रेनफ्रोसाहेबांच्या बाहीपाशी चालवावी व माझ्या वडिलांना शाळेच्या त्याच पायऱ्यांवर एकटे उभे करावे. हातात राहिलेला तुकडा घासून गुळगुळीत करू नये किंवा कशाने झाकू नये. उरलेल्या माणसाचे काय करायचे ते नगरसभेने ठरवावे. त्याबाबत मला काही म्हणायचे नाही.

७) कापण्याच्या दिवशी मला आत येऊ द्यावे. ओतारी सांगतात की आवाज फार मोठा होतो आणि सबंध पुतळा हादरतो. अशा वेळी माणसाजवळ त्याचे कोणीतरी असावे. मी कामात अडथळा आणणार नाही. वडिलांच्या पाठीला हात लावून उभी राहीन.

आपली नम्र,
विल्हेल्मिना प्रुइट
कॅल्डर्स फेरी, ११ मार्च २०१९

सोबत : ओतारी यांचा अभिप्राय, आई श्रीमती लव्हेनिया प्रुइट यांची लेखी संमती (त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून सही ओळीखाली गेली आहे).