पान सातवरचं शून्य

साल्मिया, कुवेत
शुक्रवार, २५ फेब्रुवारी २००५

लाडक्या पियूला,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कान पकड. मावशीला दोन ओळी खरडायला बाईसाहेबांना दोन महिने लागतात?

आज इथला राष्ट्रीय दिन. सकाळपासून समुद्राकडच्या रस्त्यावर गाड्यांचे भोंगे आणि पोरांचा धिंगाणा चालू आहे. तुझे काका मीना अब्दुल्लाला रिफायनरीत ड्यूटीवर गेलेत, म्हणून मी निवांत लिहायला बसले.

कुरियर मिळालं असेलच. आमच्या युनिव्हर्सिटीत लॅब असिस्टंटच्या जागेवर तुझं नाव लागलं! मी पर्सोनेलमधली साधी सेक्रेटरी, माझ्या वशिल्याला तिथे कोण विचारतो? चिपळूणच्या कॉलेजात दोन वर्षं प्रयोगशाळा सांभाळलीस, त्यावर मिळाली आहे नोकरी. भाऊजींना हे जरा ठणकावून सांग. मुलींना परदेशी पाठवू नये म्हणत होते ना.

पाकिटात एक निळी पुस्तिका आहे. आमच्या युनिव्हर्सिटीचा अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीशी करार आहे. त्यांनी यंदापासून अट घातली आहे की नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला आवारातल्या सुरक्षिततेची माहिती छापून द्यायची. तीन वर्षांत किती अपघात झाले, किती चोऱ्या, किती तक्रारी, सगळं. 'वाचलं, समजलं' अशी शेवटच्या पानावर सही करायची आणि ते पान परत पाठवायचं, की व्हिसाचं काम पुढे सरकतं. तू काही सगळं वाचत बसू नकोस, फार रटाळ आहे. सही कर आणि धाड.

ताईच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवते आहे, गावी जाणाऱ्या एका बाईंबरोबर. घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
कमलमावशी


साल्मिया
शुक्रवार, १८ मार्च २००५

पियू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सही केलेलं पान त्यात नव्हतं, तेव्हाच समजले की तू पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीस. बापाची लेक शोभतेस खरी.

तू लिहितेस, कौतुकानं पुस्तिका दादाला दाखवली. रितेशनं पान पाचवरचा डोळे धुवायच्या नळाचा फोटो बराच वेळ बघितला. मग पान सात उघडलं. 'अपघात: शून्य' वाचलं, पुस्तिका झोपाळ्यावर ठेवली आणि उठून गेला. रात्री जेवला नाही. तू खोदून विचारलंस तेव्हा एवढंच म्हणाला, "मावशीला विचार." आणि तू विचारलंस. शिवाय हेही विचारलंस की माझ्या पत्रात दादाचं नाव कधीच का नसतं.

फोन केला असता, पण तुमचा फोन ओटीवर आणि ओटीवर भाऊजी. म्हणून लिहिते आहे.

रितेशचा डोळा, घरी तुम्हा सगळ्यांना सांगितलं तसा, त्याच्या कंपनीच्या अम्गराच्या यार्डात गेला नाही. ट्रकच्या बॅटरीशी खेळताना तर नाहीच नाही. तो आमच्या युनिव्हर्सिटीत गेला. केमिकल स्टोअरमध्ये. ज्या खोलीची किल्ली तुझ्या हातात देणार आहेत, त्याच खोलीत.

ऑगस्ट २००३. आमच्याकडची एसीची देखभाल ज्या कंपनीकडे आहे, तिच्या कॉन्ट्रॅक्टवर तो होता, हे तुला ठाऊक आहे. स्टोअरचा हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला, म्हणून त्याला बोलावलं. कुणा शहाण्यानं जागा नाही म्हणून ॲसिडची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेली, झाकण सैल. शिडी टेकवली, फळी हलली, बाटली तोंडावर आली.

सफाईवाली शहरबानू तिथेच फरशी पुसत होती. श्रीवर्धनकडची, त्याच कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवरची. तिनं त्याचा दंड धरला आणि दारापाशी त्या नळावर नेलं. नळ कसा चकचकीत! वर हिरवी पाटी, खाली मोठा दांडा. तिनं दांडा दाबला. पाणी नाही. पुन्हा दाबला. नाही. नळ भिंतीला ठोकला होता, पाटी लावली होती, फोटो काढला होता, पण भिंतीमागे पाइप जोडलेलाच नव्हता! शेवटी तिनं त्याला संडासात नेऊन मगानं पाणी मारलं.

आणि पुढे ऐक. ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही? कंपनीच्या सुपरवायझरनं त्याला पिकअपमध्ये घातलं, अम्गराला आपल्या यार्डात नेलं आणि तिथून ॲम्ब्युलन्स बोलावली. पाऊण तास गेला त्यात. डोळ्यांचे डॉक्टर नंतर म्हणाले, नुकसान झालं त्यातलं निम्मं त्या पाऊण तासात झालं. का नेलं अम्गराला? अपघात युनिव्हर्सिटीत झाला असता तर कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं आणि नव्या युनिव्हर्सिटीचं नाव पेपरात आलं असतं. म्हणून अपघाताची जागाच उचलून दुसरीकडे ठेवली.

तुझं पत्र घेऊन मी आमच्या डायरेक्टरांकडे गेले. पान सात समोर ठेवलं आणि म्हटलं, सर, इथे एक असायला हवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "कमल, तो माणूस आपला नव्हता. आणि जागाही आपली नव्हती."

आपला नव्हता! अंगाची लाही झाली माझी. ऑगस्टमध्ये डायरेक्टरांच्या खोलीतला एसी दहा मिनिटं बंद पडला की फोन कुणाला जायचा? रितेशला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ह्यांच्या घरचा कूलर बघायला कोण गेलं होतं? रितेश. तेव्हा तो 'माय बॉय' होता. गार हवा खायला आपला आणि मोजायच्या वेळेला परका! पुस्तिकेच्या पान तीनवर स्वच्छ लिहिलंय की आवारात इजा झालेला कोणीही मोजायचा, मग तो नोकर असो, विद्यार्थी असो की पाहुणा. त्यांनीच छापलेलं त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तुला काम नाही का आज?"

तिथून तडक स्टोअरमध्ये गेले आणि तो दांडा दाबला. फुस्स करून हवा आली. एकोणीस महिने झाले, पियू, आणि नळ कोरडाच. फोटो मात्र पान पाचवर, रंगीत.

तू सही करू नकोस. बाकी मी काय करणार? मी टायपिंग करणारी बाई. रितेशचे कागद परस्पर तयार झाले होते. माझ्या हातात काही नव्हतं.

मावशी


साल्मिया
शुक्रवार, ८ एप्रिल २००५

प्रियांका,

मागच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. तीन आठवडे ती मला टोचताहेत. तुझं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे, म्हणजे तू मावशीची बाजू घेऊन काही लिहून बसायला नको.

त्या दिवशी इस्पितळात मला बोलावलं होतं. रितेशची नातेवाईक म्हणून आणि कामापुरतं अरबी येतं म्हणून. दारात डायरेक्टर आणि सुपरवायझर उभे. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, लडके को समझाओ. अम्गरा बोलेगा तो सबका भला है." डायरेक्टर बोलले हळू, नेहमीसारखे गोड. तो बरा झाला की त्याला युनिव्हर्सिटीच्या व्हिसावर घेऊ. तुझा अकामाही, म्हणजे इथे राहायचा परवाना, आमच्याकडेच आहे, कमल, विचार कर. नोकरीला लागून मला आठच महिने झाले होते. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नाही, शोधूही नकोस.

आत पोलीस वही घेऊन बसला होता. त्यानं एकच शब्द विचारला, "वेन?" म्हणजे कुठे. मी रितेशला मराठीत विचारलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर कापूस होता, एका बाजूचा जरा सरकलेला. तो म्हणाला, "मावशी, सांग त्यांना, कॉलेजातल्या केमिकलच्या खोलीत. आणि नळाला पाणी नव्हतं तेपण सांग."

मी पोलिसाला म्हटलं, अम्गरा.

अरबी त्याला येत नव्हतं, पण अम्गरा कळत होतं. रोज तिथे झोपायला जात होता तो. त्यानं कापसाखालून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं त्यानं! पोलिसानं कागद पुढे केला, मी जागा दाखवली, तिथे त्यानं सही केली. मावशी दाखवते आहे म्हणून. जसं मी तुलाही फेब्रुवारीत सांगितलं होतं, सही कर आणि धाड.

तीन आठवड्यांत कंपनीनं त्याला घरी पाठवलं, 'निष्काळजीपणा' असा शेरा मारून. तो कागद भाऊजींनी तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घेतला. तीस वर्षं खांबावर चढलेला वायरमन, अंगावर कधी ओरखडा नाही, आणि त्याचा मुलगा बॅटरीशी खेळताना डोळा घालवून आला! तेव्हापासून ते त्याच्या हाती साधी पक्कड देत नाहीत, हे तूच मला लिहिलं होतंस. रितेशनं एका वाक्यात सगळं सांगितलं असतं. पण त्यात माझं नाव आलं असतं, म्हणून तो पोरगा बापाचे टोमणे खात राहिला. आणि मी? मी इथून मलमं पाठवत राहिले.

डायरेक्टरांवर मी केवढी संतापले! 'जागाही आपली नव्हती' म्हणाले ते. ती जागा कुणी बदलली? ते अम्गरा माझ्या तोंडून गेलं आहे. पान सातही मीच टाइप केलं. तिथे शून्य मारताना माझं बोट थांबलंसुद्धा नाही.

आता काय केलं ते सांगते. पान तीनवर आणखी एक ओळ आहे, की ज्या कर्मचाऱ्याला अपघाताची माहिती आहे त्यानं ती लेखी द्यायलाच हवी. शनिवारी मी ती लेखी दिली. तारीख, खोली, बाटली, नळ, पिकअप, इस्पितळ, आणि पोलिसाला मी काय सांगितलं तेही. आवक रजिस्टरमध्ये स्वतः नोंदवली, शिक्का मारला आणि एक प्रत रजिस्टर पोस्टानं अमेरिकेच्या पत्त्यावर टाकली. शहरबानूला विचारायला मी घाबरत होते, तिचा तर सगळा कारभार कंपनीच्या हातात. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "कमलबाय, तुम्ही लिवा, मी सही करते. दोन वरसं झाली, मला कुनी विचारलंच नाय." बरोबर बोलली. मीही नव्हतं विचारलं.

सोमवारी डायरेक्टरांनी बोलावलं. कागद मागे घे म्हणाले. मी म्हटलं, नंबर पडलाय. मंगळवारी मला पत्र मिळालं की जूननंतर माझी गरज नाही. तुझी जागाही गेली असं धर. रागव माझ्यावर, तुझा हक्क आहे.

बुधवारी प्लंबर आला, पाइप जोडला आणि गेला. दोन तास लागले. दोन तासांचं काम होतं ते, प्रियांका! एका पोराचा डोळा गेला, त्याच्या बापाचा विश्वास गेला, आणि काम होतं दोन तासांचं. कुणी मला शांत हो म्हणू नये.

तुझ्या काकांना परवा सगळं वाचायला दिलं. वाचून कागद माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "मलाही दोन वर्षं अम्गराच सांगितलंस." पान सात अजून तसंच आहे. अमेरिकेहून काही आलेलं नाही, कदाचित येणारही नाही.

आता तू एक काम कर. हे पत्र ओटीवर बसून भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव. रितेशला शेजारी बसव, उठू देऊ नकोस. गाळून वाचू नकोस, माझं नाव तर मुळीच गाळू नकोस. भाऊजींना सांग, तुमचा मुलगा शिडीवर नीट चढला होता. सुरक्षा चष्मा कंपनीनं दिलाच नव्हता, तोही त्यानं मागितला होता. त्याची चूक एकच झाली. त्यानं आपलं खरं सांगायला आपल्या मावशीला दिलं.

रितेशची माफी मी कागदावर मागणार नाही. जूनमध्ये येते आहे. त्यानं दार उघडलं तर आत येईन, नाही तर अंगणात बसेन.

हे पत्र पुढे कुणाला दाखवावं लागलं तर दाखव. म्हणून खाली मावशी असं लिहीत नाही.

सौ. कमल हरिश्चंद्र साळवी
सेक्रेटरी, पर्सोनेल विभाग (३० जून २००५ पर्यंत)
जिनं खोटी जागा सांगितली ती