गुरू एकशे चाळीस मीटरवर

१ फेब्रुवारी २०२६, रविवार

सूर्य म्हणजे कलिंगड! वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आज हे कळलं.

लेक प्राची इथंच दौंडच्या कॉलेजात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. अठ्ठावीस तारखेला त्यांचं विज्ञान प्रदर्शन आहे म्हणे. तिला सूर्यमाला मांडायची आहे, तीही खऱ्या मापात, आणि बापाची मदत हवी. सूर्य म्हणजे पंचवीस सेंटिमीटरचं कलिंगड धरलं तर पृथ्वी केवढी, असं तिनं विचारलं. मी म्हटलं लिंबाएवढी. ती हसली, उठली आणि मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मला तो धड दिसला नाही, बोटानं चाचपला.

आणि चंद्र? खसखशीचा दाणा. मोहरीपासून चार बोटांवर. माणूस आजवर लांबात लांब गेला तो ही चार बोटं! मी उगाच मोठ्यांदा हसलो.

कलिंगडापासून मोहरी सत्तावीस मीटर. मला मीटर कळत नाहीत, रुळाखालचे स्लीपर कळतात. मी कीमन — रोज सहा किलोमीटर रूळ पायी बघायचा, रूळ स्लीपरला धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर हातोडीनं ठोकायची, कुठं तडा गेलाय का पाहायचं. आमच्या लाइनवर साठ सेंटिमीटरला एक स्लीपर. म्हणजे पंचेचाळीस स्लीपर! तोंडी हिशेब केला तर लेक बघतच राहिली. बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

एप्रिलमध्ये मेडिकल आहे. यादीत नाव लागलं.

लांबचं धूसर दिसतं. वर्ष झालं असेल. कबूल केलंय ते फक्त या वहीत. नापास झालो तर लाइन सुटली — मग कुठल्या तरी ऑफिसात बसून फायली इकडच्या तिकडं करायच्या. सत्तावीस वर्षं लाइनवर काढली, तीनच राहिलीत. चावी सैल आहे की घट्ट हे मला हातोडीच्या आवाजावरून कळतं. डोळ्यांचं एवढं काय!

दिवाळीत करुणानं डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला होता. प्राचीनंही तिची री ओढली. मी ताट सरकवून उठलो. बायको-लेक दोघी तेव्हापासून तो विषय काढत नाहीत. चुकलंच माझं, पण तसं म्हणवत नाही.

५ फेब्रुवारी

प्राचीनं आज आणखी एक सांगितलं. सूर्याचा उजेड पृथ्वीवर यायला आठ मिनिटं लागतात. म्हणजे आपल्या मापात सत्तावीस मीटरला आठ मिनिटं. मुंगी चालते तसा उजेड! मी तर त्याच्या कितीतरी पुढं निघून जाईन.

दिवसभर ड्युटीवर हेच डोक्यात. उजेडाला मागं टाकत चाललो होतो.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा नवनाथ शिरूरहून कलिंगडं घेऊन आला, त्याच्या स्वतःच्या प्लॉटमधली. प्राचीनं सगळ्यांना दोरी लावून मोजलं आणि सगळ्यात बारकं निवडलं. नवनाथ नाराज. ‘लोकं मोठं मागत्यात आन् तू ह्ये बारकं घेतीस व्हय!’ त्याला सांगितलं, हा सूर्य आहे. म्हणाला, मग तर मोठंच पाहिजे की.

गुरूसाठी आवळा ठरला, शनीसाठी बोर. शेवटचे दोन ग्रह हरभऱ्याचे दाणे, त्यातला शेवटचा आठशे मीटरवर. त्याच्या पलीकडं काय, मी विचारलं. दुसरं कलिंगड, म्हणजे सगळ्यात जवळचा तारा. तो किती लांब? दौंड ते दिल्ली अंतर एकापुढं एक पाच वेळा टाकायचं, तिथं कुठंतरी. आणि मध्ये? मध्ये काही नाही म्हणाली.

दिल्लीच्या गाड्या आयुष्यभर बघितल्या. आज पहिल्यांदा दिल्ली जवळ वाटली.

१० फेब्रुवारी

लिहावं की नाही… लिहितो.

आज खंडूनं मला दंडाला धरून रुळाबाहेर ओढलं. गँगमधला जुना सोबती, वीस वर्षांपासूनचा. गाडी चांगली समोरून येत होती, वळणावरून नाही. जमिनीची थरथर पायाला लागली तेव्हा मी मान वर केली, तोवर ती जवळ आली होती. तो म्हणाला, ‘महेंद्रभाऊ, गाडी दिसली न्हाई व्हय तुमाला?’

मी म्हटलं, वारं उलटं होतं, हॉर्न ऐकू आला नाही. त्यानं डोळ्यांचं विचारलं होतं, मी कानांचं सांगितलं. त्यानं तंबाखू मळून दिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

कॉलनीमागच्या बंद सायडिंगवर सूर्यमाला मांडली. तिथं वर्षानुवर्षं गाडी नाही, नुसतं गवत. जुन्या केबिनच्या पांढऱ्या भिंतीपुढं डबा उपडा घालून त्यावर कलिंगड ठेवलं. स्लीपर मोजायचं काम माझं. पंचेचाळिसाव्याला मोहरी, कागदावर चिकटवून. दोनशे तेहेतिसाव्याला आवळा. एकही चुकलो नाही!

प्राची तीस मीटरचा टेप घेऊन मागून आली आणि म्हणाली, बाबा, तुमचा गुरू पस्तीस मीटर पुढं गेलाय. म्हटलं शक्य नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. सायडिंगला स्लीपर विरळ असतात. तिथं जड गाड्या जोरात जात नाहीत, म्हणून पाऊण मीटरला एक. हे मी नव्या पोरांना शिकवतो आणि मीच मेन लाइनचा हिशेब लावला! सगळं विश्व सव्वापट ताणून ठेवलं होतं. दोघं खूप हसलो.

टेपनं नीट मोजून गुरू एकशे चाळीस मीटरवर आणला. प्राची म्हणाली, आता इथं उभं राहून सूर्याकडं बघा, गुरूवरून केवढा दिसतो ते. मी बघितलं. भिंत दिसली, पांढरी, तीही विरघळल्यासारखी. म्हटलं, एवढ्या लांबून कसला दिसतोय! तुझा सूर्य गायब झाला.

तिनं एकदा भिंतीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, ‘बाबा, मला दिसतंय. वरचा देठसुद्धा दिसतोय.’

मी चालायला लागलो. स्लीपर मोजत. पंचाण्णव झाले तेव्हा भिंतीपुढं काहीतरी काळपट आहे असं वाटलं. निम्मं अंतर संपलं होतं. प्राची मागं आवळ्यापाशीच उभी होती. तिनं हाक मारली नाही, बरं झालं. मला रडू आलं होतं.

१६ फेब्रुवारी

कामावर गेलो. रुळाचा प्रत्येक जॉइंट गुडघे टेकून पाहिला. सहा किलोमीटरचं बीट संपायला दुपारचे तीन वाजले.

१८ फेब्रुवारी

पाटस बाजूला पाण्याच्या टाकीपाशी बसलो होतो. एक पॅसेंजर गेली. दारात एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी, बाहेर बोट दाखवत काहीतरी सांगत होती. तिचं तोंड काही मला दिसलं नाही, पण ती निवांत होती एवढं कळलं. पुढचा रूळ कुणीतरी बघून गेलंय म्हणून निवांत. बघून गेलेला मी!

त्या कलिंगडापुढं दौंड म्हणजे काहीच नाही, मोहरीवरचा ठिपकाही नाही. मग माझी नोकरी केवढी, माझा मान केवढा? पण गंमत अशी की ती बाई मला बारीक वाटेना. सतरा-अठरा दिवस एवढ्या मोठ्या आकड्यांत काढले तरी वाटेना. तिला काही झालं तर ते कोणत्या मापात बसवू?

भीती वाटते. लाइनशिवाय मी कोण, हे मला खरंच माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी सेक्शनच्या साहेबांसमोर उभा राहिलो. सांगून टाकलं. एप्रिलपर्यंत थांबू नका, मला आजच लाइनवरून काढा म्हटलं. ते खुर्चीतून उठले, पाणी दिलं. चौकशी केली, पण रागावले नाहीत. दुपारी हातोडी, झेंड्या जमा केल्या. बीट तूर्त खंडूकडं. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘बरं केलं भाऊ. माझा जीव टांगणीला लागला हुता.’

२३ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शिवाय साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं बरंच सुधारेल. लाइन परत मिळेल का? ते नंतर बघू, म्हणाले.

करुणानं आज कारल्याची भाजी केली. बोललो नाही, खाल्ली. प्राचीचे मात्र आभार मानले. म्हटलं, तुझ्या प्रदर्शनामुळं कळलं बघ. ती पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

२६ फेब्रुवारी

भाजी बाजारात प्राचीच्या कॉलेजच्या मॅडम भेटल्या. मी नमस्कार करून विचारलं, शनिवारचं प्रदर्शन किती वाजता? आईवडिलांनी आलेलं चालतं का?

मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, आमच्याकडं यंदा कसलंच प्रदर्शन नाही.

दिवाळीपासून लेकीला दुसरी वाट सापडली नव्हती. घरी आलो. ती अभ्यास करत होती. मी काही विचारलं नाही, शेजारी जाऊन बसलो. शनिवारी ती तयार होऊन बाहेर पडली तर बक्षीस मिळालं का, एवढं मात्र विचारणार आहे.