मागे नाव नसलेले चेहरे

४ नोव्हेंबर १८३४, पोर्टकेरन

आठ दिवस वही उघडली नाही. आज लिहू, उद्या लिहू — लिहिलं की खरं होईल, म्हणून टाळलं. केझिया मावशी गेली. गेल्या मंगळवारी पुरली. शवपेटीमागे मी आणि खानावळवाली, बस्स. कॉर्नवॉलच्या जत्राजत्रांतून हिंडून बाईने हजारो लोकांचे एका बाजूने दिसणारे चेहरे काळ्या कागदातून कापले. तिचा स्वतःचा एकही नाही! आज मीच कात्री घेऊन बसले. नाक कोंबडीसारखं आलं. चुलीत टाकलं.

५ नोव्हेंबर

वारा. पाद्रीबाबांची टोपी बंदरापर्यंत उडत गेली, ती बघत बसले. दुसरं काही केलं नाही.

७ नोव्हेंबर

मिसेस ननकिव्हेल आल्या होत्या. मासे खारवतात. त्यांचा लेक जॅगो पंधरवड्यापूर्वी होडीसकट बुडाला, प्रेतही हाती लागलं नाही. उन्हाळ्यातल्या जत्रेत त्याने मावशीकडून चेहरा कापून घेतला आणि कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला, ते आईला सांगितलं नाही. पण मावशी कागद दुमडून कापायची, एका कात्रीत दोन चेहरे — एक गिऱ्हाइकाला, एक आपल्या वहीत — हे बाईंच्या कानावर आलेलं.

"तो दुसरा दे, पोरी. माझ्याकडे त्याचे बूट तेवढे उरलेत."

चेहऱ्यामागे नाव लिहायचं काम माझं. "आधी नाव, मग पाव," मावशी रोज टोचायची. आणि त्या जत्रेत मी अस्वलाचा नाच बघायला पळालेली! एकवीस चेहरे, पाठी कोऱ्या. मावशी असती तर तिने कडेवरून बोट फिरवून कोणता कुणाचा ते सांगितलं असतं.

बाई पानं उलटत राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून. समोरून रोज पाहिलेला लेक, एका बाजूने ओळखू येईना. शेवटी एकावर बोट ठेवलं, पण बघितलं माझ्याकडे.

"हाच ना? नाक त्याच्या बापाचं आहे."

मी म्हटलं, "हाच."

८ नोव्हेंबर

तो जॅगो नव्हता. कॉलरपाशी कात्री घसरलेली — तो पिंपं बनवणारा, त्याचा चेहरा कापणं चालू असतानाच मी अस्वलाकडे पळाले. 'हसू नकोस, हनुवटी पळते,' असं मावशी त्याला दटावत होती. त्यांनी बोट ठेवलं तेव्हाच मला आठवलं होतं. तरी हो म्हटलं.

बाईंनी तो चौकटीत घालून खिडकीशी लावलाय. आज मला हाक मारून आत नेलं, खारवलेली तारली वाढली. "सकाळी त्याच्याशी बोलते मी," म्हणाल्या. तारली अर्धी टाकून उठले. सोमवारी इथून निघायचं. कुठेही.

१० नोव्हेंबर

बोचकं बांधून झालं आणि खानावळवालीने हाक मारली. खाली एक मुलगी आलीय, गुडघ्यापर्यंत चिखल. शालीतून काळा चेहरा काढून दाखवला. जॅगोने दिलेला. त्याच्या आईला द्यायचाय म्हणते — घर कुठलं, विचारते.