शुक्रवारी बारापर्यंत मौन

व्हिएन्ना, गुरुवार

प्रिय एमील,

काल कॉफीगृहात मला पाहताच तू वर्तमानपत्र तोंडासमोर धरलंस. ते उलटं नव्हतं, एवढं कौशल्य तीस वर्षांच्या मुत्सद्देगिरीत तू नक्कीच कमावलं आहेस. पुढ्यातला खसखशीचा स्ट्रुडेल अर्धा तसाच ठेवून गेलास. विद्यापीठात तो अर्धा माझा असायचा.

तेव्हा प्रोफेसर क्रालिकांच्या संस्कृतच्या वर्गाला नियमाने येणारे आपण दोघंच. बाकीचे बाहेर थंडी वाजली की येत. त्यांनी फळ्यावर ‘मौनं संमतिलक्षणम्’ लिहिलं, तेव्हा तू मागून पुटपुटलास, “मग रोझविटाची संमती जन्मात मिळायची नाही.” मीही हसले होते. पुढे याच वचनावर दोघांचं पोट चालेल, हे कुणाला ठाऊक होतं? तू देशोदेशींच्या संघटनेत राजदूत झालास, मी तिच्याच सचिवालयात कारकुनी धरली. मसुदा मी पन्नासावर देशांना पाठवायचा आणि खाली लिहायचं : शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मौन. कुणी बोललं नाही तर निर्णय झाला. एकाचंही पत्र आलं तर मौन मोडलं आणि निर्णय मेला. ती पत्रं उघडायची मीच.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी अकरा छप्पन्नला तुझं पत्र आलं. पुलावरच्या निरीक्षक पथकाची मुदत वाढवायचा मसुदा होता, नऊ वर्षांत कुणी धड वाचलाही नसेल असा. मी धावत खाली आले तर तू कोट चढवत होतास. म्हणालास, “अगं, मनाला लावून घेऊ नकोस. राजधानीहून सूचनाच नाही. साहेब बर्फात घसरायला गेलेत, फोन उचलत नाहीत. सूचना नसली की मोडून ठेवायचं, ही आमची रीत. सोमवारी मागे घेतो की.” मुदत शनिवारी संपत होती, एमील. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं.

म्हणजे पन्नास देश गप्प बसले तर तो होकार, आणि तुझा एक साहेब गप्प बसला तर नकार. क्रालिकांनी तुला या तर्कावर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

सोमवारी तू दिलेल्या शब्दाप्रमाणे आक्षेप मागे घेतलास. पण तोवर वाढवायला मुदतच उरली नव्हती. पथक नव्याने स्थापायचं म्हटल्यावर प्रत्येकाला आपापलं जुनं दुखणं आठवलं. एकाला पथकाच्या गाड्यांचा रंग खटकला. त्यावर आठ दिवस गेले. बैठकीतली बिस्किटं मात्र रोज ताजी होती.

आता पुलावरचं ऐक. दोन सैन्यांच्या मधोमध, पुलाखाली, गावाला पाणी देणारा पंप आहे. पथकाची स्थानिक दुभाषी एतेरी रोज सकाळी दोन्ही काठांच्या कमांडरांना फोन करायची : “उठलात का काका? नऊ ते अकरा गोळी नको, नळवाले खाली उतरताहेत.” पलीकडचा म्हणायचा, “तुझ्याच आवाजाने उठतो पोरी, आमचा कोंबडा कधीच मेला.” मुदत संपली तसे परदेशी निरीक्षक गाड्या घेऊन निघून गेले. एतेरी कुठे जाणार? तिचं घरच तिथे. मंगळवारी पंप बंद पडला, नळवाले दारात येऊन उभे राहिले, म्हणून तिने नेहमीसारखा फोन केला. संध्याकाळी त्याच काकांच्या माणसांनी तिला उचललं. आमच्या माणसाने चौकशी केली, तर कमांडर शांतपणे म्हणाला, “पथक असेल तर ती दुभाषी. नसेल तर हेर. पथक आहे की नाही, ते तुम्हीच सांगा.”

गेले एक्केचाळीस दिवस आम्हाला ते सांगता आलेलं नाही.

आता पथक पुन्हा उभं करायचा, सगळ्यांनी कबूल केलेला मसुदा फिरतो आहे. मौन उद्या बारापर्यंत. आज सकाळी तुझ्या सचिवाचा फोन आला. बिचारा फार सभ्य आहे. म्हणाला, “बाई, अजून वरून सूचना नाही. मोडायचं पत्र अकरा छप्पन्नला दिलं तर चालेल ना?” नियमाप्रमाणे चालेल, असं मी सांगितलं. ते पत्र आलं तर मी दडपणार नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र मी तुझ्या घरी पाठवते आहे. सोबत एक कार्ड आहे. एतेरीच्या आईने लेकीच्या खणातून काढून मला धाडलं. दोन वर्षांपूर्वी तू पुलावर फोटो काढून घ्यायला गेला होतास, तेव्हा तुझ्यावर छत्री धरणारी मुलगी तीच. कार्डामागे तुझ्याच अक्षरात लिहिलं आहे, “काही लागलं तर निःसंकोच कळवा.” आईने तीनदा कळवलं. तिन्ही वेळा तू बैठकीत होतास.

या पत्राला उत्तर नको. उद्या बारापर्यंत तुझ्याकडून काहीच आलं नाही, की मला उत्तर मिळालं. तीस वर्षांपूर्वी मी विचारलेल्या एका प्रश्नावर तू गप्प बसलास, ते मी कधीच माफ केलं. उद्या बोललास, तर ते मात्र माफ करणार नाही.

निदान बारापर्यंत तुझीच,
रोझविटा