पाण्याखाली चष्मा चालत नाही

ती. ताईस,

तुझ्या दोन भावांपैकी मोठ्याचा साष्टांग नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, म्हणून हल्ली कागदावरच घालतो.) गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? डोळ्यांचं मुद्दाम विचारत नाही, कारण मागच्या पत्रात तू कळवलंस की डाव्या डोळ्याला आता दिवा काय आणि चंद्र काय, सारखेच, आणि पुढच्याच ओळीत 'बाकी मजेत'. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय. तरीही शेजारणीकडूनच वाचून घेणार असशील तर तिला सांग, कंसातलंसुद्धा वाचायचं. मागच्या खेपेला तिनं कंस गाळले आणि मी तुला उगाच गंभीर वाटलो.

तुझी अट मी विसरलेलो नाही. आम्ही दोघं एकमेकांशी बोलायला लागेपर्यंत तू मोतीबिंदू काढणार नाहीस, कारण काढला की पंधरा दिवस कुणाकडे तरी राहावं लागणार आणि एकाकडे राहिलीस की दुसरा तोंड फुगवणार. दोन भाऊ चष्मेवाले आणि बहीण भिंत चाचपत चालते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी. मला त्याची लाज वाटते हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणानं थापा मारता येतील.

(शेजारीणबाईंना माहीत नसेल म्हणून थोडक्यात: आमचं दुकान एक होतं. मी नंबर काढायचो, धाकटा काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. चार वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचं नव्या चष्म्यानं डोकं दुखायला लागलं. मी म्हणालो, काच तिरकी बसली. तो म्हणाला, नंबरच चुकला. शब्दानं शब्द वाढला आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि त्याच चष्म्यात त्यांचं डोकं दुखायचं थांबलं. फळी मात्र राहिली.) आता गिऱ्हाईक माझ्या दारातून नंबरची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतं, फुटपाथवर तीन पावलं चालतं आणि त्याच्या दारातून आत जातं. तपासायच्या तक्त्याला वीस फूट लागतात, माझ्याकडे दहाच उरले, म्हणून आरसा टांगून भागवतो. फळीपलीकडे त्याचं काच घासायचं यंत्र घरघरत असतं. ते थांबलं की तो जेवायला गेला हे कळतं. चार वर्षं त्याची मला एवढीच खबर.

तर आमच्या चष्मेवाल्यांच्या संघटनेनं यंदा सहल काढली. दर वर्षी कुठेतरी बागेत बसून भाषणं होतात. यंदा नवीन चिटणीस आले, ते उत्साही आहेत, आणि उत्साही माणसासारखा धोका नाही. त्यांनी ठरवलं की बेटावर जायचं आणि समुद्राच्या तळाशी उतरून मासे बघायचे. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायात बदकासारखे पंजे. बावीस चष्मेवाले निघालो. सरासरी वय अठ्ठावन्न, पोटं त्याला शोभतील अशी.

तिथली शिकवणारी बाई जेमतेम पंचविशीची असेल. बोटीच्या धक्क्यावर आम्हाला ओळीत बसवून तिनं सगळं नीट समजावलं. श्वास रोखायचा नाही, घाईनं वर यायचं नाही, जोडीदाराला सोडायचं नाही, आणि हवेच्या काट्यावर नजर ठेवायची, काटा लाल पट्टीकडे सरकला की तिला दाखवायचा. आम्ही शाळकरी पोरांसारख्या माना डोलावल्या. मग तिनं काचेचे मुखवटे वाटले आणि म्हणाली, "आता सगळ्यांनी चष्मे काढा. आत चष्मा राहिला की पाणी शिरतं."

ताई, आम्ही सगळे एकमेकांच्या चष्म्यांकडे बघायला लागलो! बावीस माणसं, सगळ्यांची हयात डोळ्यांच्या धंद्यात गेलेली, तीन महिने सहलीच्या बैठका झालेल्या, टोप्यांच्या रंगावर मतदान झालेलं, आणि पाण्याखाली चष्मा चालत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुखवट्याला नंबरच्या काचा बसवून मिळतात. आमच्या निम्म्या दुकानांत त्याची जाहिरात भिंतीवर लावलेली आहे. कॉन्टॅक्ट लेन्स आम्ही विकतो, घालत नाही. (हलवाई कुठे रोज पेढे खातो?) बाईनं विचारलं, "तुम्ही सगळे काय काम करता?" अध्यक्ष चष्मा खिशात घालत म्हणाले, "किरकोळ व्यापार."

जोड्या चिटणीसांनी संघटनेच्या वहीवरून लावल्या होत्या. वहीत आमचं दुकान अजून एकच आहे. त्यामुळे माझा जोडीदार कोण, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. मी चिटणीसांना बाजूला घेऊन अडचण सांगितली. ते म्हणाले, "अहो, तोंडात नळी असते, बोलायचा प्रश्नच कुठे येतो?" त्याच उत्तरात धाकट्याचंही काम भागलं, कारण तोही त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून तीच अडचण सांगत होता.

उतरलो. फार खोल नाही, एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढंच. पण तिथे गेल्यावर पंचाईत झाली. मला लांबचं लख्ख दिसतं, जवळचं चाळिशीशिवाय शून्य. हवेचा काटा हातात धरला तर नुसता गोल ठिपका. धाकट्याचा नंबर उणे सहा (तो मी काढलाय, बरोबर आहे, मुख्याध्यापिकेचाही बरोबर होता), त्याला नाकासमोरचं मुंगीएवढंही वाचता येतं, पण वीतभर अंतरापलीकडे सगळं धुकं. बाई आमच्या पुढे दोरी धरून पोहत होती, ती त्याला दिसेना. मग त्यानं माझा काटा ओढून नाकाशी नेला, वाचला, 'ठीक' अशी खूण केली. मी त्याचा दंड धरून त्याला दोरीकडे वळवलं. मी पुढचं बघायचं, त्यानं हवा बघायची. दोघांत मिळून एक धडधाकट माणूस होत होता. बाकीच्या जोड्यांचं विचारू नकोस. अध्यक्ष एका मोठ्या माशामागे बराच वेळ शिस्तीत जात होते. ते त्याला शिकवणारी बाई समजले होते.

मग धाकटा एका शेवाळलेल्या खडकापाशी थांबला आणि त्यानं त्याला अदबीनं मान लववून वाट दिली. त्याला तो खजिनदार वाटला. (देहयष्टी तशीच आहे.) ताई, मला हसू आलं. मुखवटा घालून हसायचं नसतं, गाल वर चढले की फट पडते, हे बाईनं सांगितलं होतं. भसकन पाणी आत आलं. डोळ्यांत मीठ, नाकात मीठ, वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी घाबरलो. उगाच फुशारकी मारत नाही, मरतो की काय असं वाटलं, आणि तुझी आठवण झाली, की हिचा डोळा आता तसाच राहणार.

एवढ्यात धाकट्याचा चेहरा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला. त्याहून लांबून त्याला मी दिसलोच नसतो. त्यानं माझ्या मुखवट्याची वरची कड दाबली, नाकानं जोरात हवा सोडायची खूण केली, एकदा, दोनदा. पाणी गेलं. डोळे उघडले तर समोर हाच. किती पिकलाय गं तो! फळीपलीकडून हे कळलं नव्हतं. मग घाबरून त्यानं माझा हात धरला, तो पार वर येईपर्यंत. मीही धरू दिला. जोडीदाराला सोडायचं नाही असा नियमच होता.

वर आल्यावर नळी काढून तो म्हणाला, "दादा, हसायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हणालो, "गाढवा, दगडाला नमस्कार कुणी करायला सांगितला होता?" याला काही बोलणं म्हणत नाहीत. ह्या सुरक्षिततेच्या सूचना झाल्या. तेव्हा भलता गैरसमज करून घेऊ नकोस. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप, पायरी मोजून उतर.

तुझा,
दादा (तुझ्याहून धाकटा असलो तरी घरादाराचा)

ता. क. सूचना परतीच्या बोटीत तीन तास चालू राहिल्या. तेव्हा तुझी अट पुरी झाली असं मी धरतो. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडून पुढच्या महिन्यातली पहिली तारीख घेतली आहे. पत्र पोचताच निघ. माझ्या घरी पुढची खोली रिकामी केली आहे.

ता. क. दुसरा: धाकट्यानंही खोली रिकामी केली आहे. तू कुणाकडे राहायचं यावरून कालपासून आमचं बोलणं बंद आहे. बोललो पाहिजे अशी तुझी अट होती. किती दिवस बोलत राहायचं ते तू अटीत घातलं नव्हतंस. तेव्हा आणखी फाटे न फोडता ये.

ता. क. तिसरा, धाकट्याच्या हातचा: ताई, नमस्कार. दादानं पत्र न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेला, म्हणजे मी वाचावं. वाचलं. सगळं खरं आहे, एक सोडून. हात मी नाही, त्यानं धरला होता, आणि वर आल्यावरही, बोटीत चहा येईपर्यंत सोडला नव्हता. मीही आठवण करून दिली नाही. तू ये. त्याच्याकडेच उतर, माझी हरकत नाही. फक्त डोळ्यात औषधाचे थेंब घालायला मी येत जाईन. त्याला जवळचं दिसत नाही.