पांढऱ्या व्हॅनचा भाव

कवठे येमाई,
९ नोव्हेंबर २०२४

ती. म्हस्कूमामांना भाची धनश्रीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. कांद्याची लागण चालू आहे, आणि तुम्ही भाऊबीजेला आला नाहीत म्हणून ती अजून फुगलेली आहे.

आता कामाचं. आम्हा सहाजणींना सणसवाडीच्या कंपनीत नेणारी दत्ताची जीप बंद झाली. त्यानं दुसरीकडची भाडी धरली. एसटीनं गेलं की पहिली शिफ्ट हुकते. दोघींनी काम सोडलंसुद्धा. प्रगतीचे वडील म्हणतात, आता घरीच राहा, स्थळं बघतो. त्या दिवशी तिनं डबा तसाच परत नेला. म्हणून मी ठरवलंय, सात सीटांची जुनी व्हॅन घ्यायची आणि मीच चालवायची. गॅसचा खर्च सगळ्या मिळून करू.

तुमचे दोस्त हौसराव त्यांची पांढरी व्हॅन विकतायत, सव्वातीन लाख म्हणतात, असं ताईबाई मामीनं सांगितलं. मी शिरूरला आणि वाघोलीला त्याच सालाच्या गाड्या बघून आले. चांगल्या टायरांची, विमा भरलेली गाडी तीनपर्यंत मिळते. यांचे टायर गुळगुळीत झालेत, विमाही संपलाय, हेही मामीच बोलली. तो खर्च वजा करून माझा आकडा पावणेतीन. माझ्याजवळ तेवढेच आहेत हे खरं, पण आकडा त्यावरून नाही, गाडीवरून काढलाय. तुम्ही त्यांच्या कानावर घालून ठेवा.

माया आहेच, ती भावाच्या बोलण्यातही दिसू द्या.
तुमची धनश्री


केडगाव, ता. दौंड,
१५ नोव्हेंबर

चि. धनश्रीस म्हस्कूमामाचा अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बानूला सांग, फुगलेली बहीण बघायला मी मुद्दाम येनार हाय.

तुझा आकडा वाचला. अगं, मेंढरांच्या बाजारात आमी उपरण्याखाली बोटं धरून भाव करायचो. बोटानं बोटाला सांगायचं, तोंडाला कळू द्यायचं न्हाई. तवा भाव कसा पाडायचा ह्ये मला शिकवू नगंस.

पर हौसरावासंगं भाव करायचा न्हाई. तू तवा पाळण्यात व्हतीस. मी घाटात पाय मोडून पडलो, तवा माझा अख्खा कळप त्यानं आपल्या रानात बसवला. पाय जुळंस्तोवर एक कोकरू कमी होऊ दिलं न्हाई. मी पैशाचं काढलं तर म्हनला, म्हस्कू, परत बोललास तर दुसरा पाय मीच मोडीन. आज त्यो गाडीचा भाव सांगतोय, तर मी कुठल्या तोंडानं कमी म्हनू? तू भाची म्हनून त्यानंच आपणहून तीन लाख केलं. मी शब्द देऊन बसलोय. वरचं पंचवीस हजार मी घालतो. रविवारी ये आन् गाडी घेऊन जा.

मामी म्हनते, येताना मेथी आन. वाट बघतोय.
तुझा मामा


कवठे येमाई,
१८ नोव्हेंबर

ती. मामांना सा. न. वि. वि.

काल गाडी न घेता निघाले, आणि नीट काही सांगितलंही नाही. तुम्ही हौसरावमामांबरोबर चहा पीत होतात, त्यांच्या अंगणात चारचौघं होते. तिथं बोलणं बरं दिसलं नसतं.

मी गाडीखाली शिरले तेव्हा सगळे हसले. मामा, कंपनीत माझं कामच वेल्डिंग तपासायचं आहे. कारखान्यातला जोड कसा असतो आणि गॅरेजात मारलेला कसा, हे मला बोट फिरवून कळतं. पुढच्या चाकांच्या मागं चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, कापून जोडलेली आहे, आणि वरून काळा रंग फासलाय. तरी माझ्या एकटीच्या डोळ्यांवर जायला नको, म्हणून चक्कर मारून येते सांगून चौफुल्याच्या गॅरेजात नेली. त्यांनी गाडी वर उचलून बघितली आणि तेच सांगितलं. कधीतरी जबर धडकलेली गाडी आहे, पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा आहे. पुन्हा मार बसला तर तिथंच दुमडेल.

हौसरावमामांनी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. त्यांनीही ती जुनीच घेतली होती. पण मला ही गाडी घ्यायची नाही. तुमच्या शब्दाचं काय करायचं, हे तुम्हीच सांगा.

मेथी मामीला आवडली का? रागावलात तरी उत्तर लिहाच.
धनश्री


केडगाव,
२३ नोव्हेंबर

चि. धनश्रीस आशीर्वाद.

रागावलोय. तू गेल्यावर हौसरावानं दोनदा इचारलं, पोरगी काय म्हनली? मी खाली मान घातली. बाजारात मला कवा कुनापुढं अशी मान घालावी लागली न्हाई.

शेवटी मी सांगितलं, गाडी तिच्या मनास येईना. जोडाचं न्हाई काढलं, जीभच रेटंना. तर त्यो म्हनला, मग दोन लाखाला घेऊन जा, पोरीचं काम अडायला नगं. दोन लाख! तुझ्या आकड्याच्याही खाली आला. राहिलेल्या पैशात पायजे तेवढं वेल्डिंग नवं मारून घे. आता तरी माझा शब्द राख. आमच्या येळी पैरणीला ठिगळ लावूनच जन्म गेला.

बानूला इचार, मी तुझं कवा वाईट केलंय का. बाकी सगळं ठीक.
मामा


कवठे येमाई,
२८ नोव्हेंबर

ती. मामांना सा. न. वि. वि.

आईला विचारलं. ती म्हणाली, दादानं कधी कुणाचं वाईट केलं नाही, आणि कधी कुणाचं ऐकलंही नाही.

मामा, दोन लाखाला नको, एक लाखाला नको. टायर गेले तर मी त्यांचे पैसे वजा करीन, विम्याचे करीन, क्लचचे करीन. या जोडाचे किती वजा करू? तिघीजणी माझ्या भरवशावर मागं बसणार आहेत. त्यांच्या घरच्यांना मी सांगून आलेय की पोरी माझ्या जबाबदारीवर. फुकट दिली तरी ही गाडी मला महागच आहे.

आणि एक. हौसरावमामांची नात करिश्मा याच गाडीतून शाळेत जाते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यांनी तुमचा कळप सांभाळला. मग जोडाचं त्यांना सांगणं हे तुमचंच काम आहे. मी सांगितलं तर भाव पाडायला सांगते असं वाटेल. मी आता त्यांची गाडी घेणारच नाही, म्हणजे त्या बोलण्यात कुणाचा फायदा उरला नाही. जा आणि सांगा.

जास्त बोलले असेन तर भेटल्यावर कान धरा, पण माया पातळ करू नका.
धनश्री


केडगाव,
६ डिसेंबर

चि. धनश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तशी रातभर झोप न्हाई. सकाळीच हौसरावाकडं गेलो. आधी त्यो लई तापला. म्हनला, म्हस्कू, घ्यायची नसंल तर नगं घेऊ, माझ्या गाडीला नाव का ठिवतूस? मी म्हनलो, मला एका शब्दानं बोलू नगंस, नुसता चौफुल्याला चल.

तिथं गाडी वर घेतली आन् मेस्तरीनं त्या जागंवरचा रंग खरवडला. हौसरावानं बघितलं आन् टायरांच्या ढिगावर खाली बसला. मंग म्हनला, ह्यातच अख्ख्या घराला जेजुरीला नेलं रं, करिश्मा म्होरं बसली व्हती.

त्याच्या पोरानं, पृथ्वीराजनं, दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आनलं. सव्वादोन देत व्हता, खाली वाकूनसुदिक बघत न्हवता. हौसराव म्हनला, ह्याच्याबी घरी नात असंल. जोडाचं सांगून त्याला परत लावला. गाडी भंगारात तोडायला दिली. काय मिळालं ते मी इचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई.

माझ्या शब्दाचं म्हनशील, तर घरी जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठिवला व्हता. एवढंच. आता तू गाडी बघ. मी आन् हौसराव दोघंबी येतो.

मामी आठवन काढते. तू बी काढत जा.
मामा


कवठे येमाई,
२३ डिसेंबर

ती. मामांना धनश्रीचा सा. न. वि. वि.

परवा न्हावऱ्याहून तुम्ही दोघं गेलात आणि मी गाडी घेऊन घरी आले. गाडीखाली हौसरावमामा स्वतः शिरले हे ऐकून आईनं आधी त्यांच्या धोतराची चौकशी केली. या वयात उपरणं अंथरून गाडीखाली शिरायचं आणि बाहेर येऊन ऑइलच्या हातानं पटका सारखा करायचा, हे मी तिला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

गाडीवाल्या गिताबाईंनी तीनच्या खाली यायला नकार दिला, तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी अडून बसेन असं तुम्हाला वाटलं असणार. पण टायर नवे होते, विमा भरलेला होता, खाली कुठं हात लागलेला नव्हता. ती गाडी तीनाचीच होती. कमी पडले ते आम्ही पाचजणींनी मिळून घातले. तुम्ही न्हावऱ्यात माझ्या हातात कोंबलेले पंचवीस हजार मामीच्या नावानं परत पाठवलेत. तिला गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्या.

आज पहिली फेरी झाली. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. प्रगती येईल याची खात्री नव्हती. चौकात पोचले तर ती डबा घेऊन उभी होती, आणि शेजारी तिचे वडील. ते पुढं आले. गाडीला एक चक्कर मारली, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बॅटरी मारून खाली बराच वेळ बघितलं. मग उठले, दार सरकवलं आणि प्रगतीला म्हणाले, बस.

संक्रांतीला तुम्ही आणि मामी दोघंही या, घ्यायला मीच येते.
तुमची धनश्री